माँटेसरीबाईंची पहिली मुले

माँटेसरी हा शब्द आपल्या अंधेरीत कोणाला ठाऊक नाही? स्टेशनपासून वर्सोव्यापर्यंत आणि पलीकडे मरोळपर्यंत बालवाड्यांच्या पाट्यांवर तो वाचावयास मिळतो. अडीच-तीन वर्षांचे मूल, पाठीवर इवलेसे दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली आणि दाराशी रडारड, असे चित्र त्या शब्दाबरोबर डोळ्यांपुढे उभे राहते. हे एका बाईचे आडनाव आहे, हेही पुष्कळ भगिनींना माहीत असते. पण त्या बाईंनी आपली शिकवण्याची पद्धत प्रथम कोणत्या मुलांसाठी काढली, हे थोड्याच जणींना ठाऊक असेल. मलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते ठाऊक नव्हते.

ते कळण्यास कारण झाला आमच्या इमारतीतील एक मुलगा. त्याचे नाव येथे सांगत नाही. वय बारा वर्षांचे. अंगापिंडाने चांगला, स्वभावाने गोड, पण बुद्धीची वाढ वयाच्या मानाने मागे राहिलेली. लहानपणी तो बालवाडीत जाई, तेव्हा त्याचे बरे चालले होते. पहिलीपासून तो मागे पडू लागला आणि पाचवीच्या सुमारास, आता याला घरीच ठेवलेले बरे, असे त्याच्या आईला सांगण्यात आले. तेव्हापासून तो गॅलरीत उभा राहून शाळेत जाणारी मुले पाहत असतो. त्याची आई पूर्वी हळदीकुंकवाला, भजनाला हौसेने येई. आता येत नाही. लहान होता तोवर सर्वांना त्याचे कौतुक होते, मोठा झाला तशी त्याच्यासाठी कोठेच जागा उरली नाही, असे तिने एकदा जिन्यात उभ्या उभ्या मला सांगितले. तिच्यासाठी म्हणून मी चौकशी करू लागले, वाचनालयातून पुस्तके आणू लागले, आणि वाचता वाचता माँटेसरीबाईंच्या चरित्रापाशी येऊन थांबले. तेच चरित्र आज आपल्या स्मरणिकेतून सर्वांना सांगावे असे वाटले.

मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटली देशातील क्यारावाले या गावी झाला. वडील आलेसांद्रो सरकारी नोकरीत होते आणि जुन्या वळणाचे होते. आई रेनिल्दे यांना वाचनाची फार आवड. मारिया ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती पाच वर्षांची असताना वडिलांच्या बदलीमुळे हे कुटुंब रोम शहरी आले आणि तेथेच स्थायिक झाले.

त्या काळी तिकडेही मुलीने शिकायचे ते फार तर शिक्षिका होण्यापुरते, अशी समजूत होती. मारियाला गणिताचा नाद. तिने हट्ट धरून मुलांच्या तांत्रिक शाळेत नाव घातले. आधी इंजिनियर होण्याचे मनात होते, पुढे डॉक्टर व्हायचे ठरले. वडिलांना ते मुळीच पसंत नव्हते. आई मात्र लेकीच्या पाठीशी उभी राहिली. विद्यापीठातही प्रथम नकारच मिळाला. अखेर आधी शास्त्र विषयांचा अभ्यास पुरा करून तिने वैद्यकीत प्रवेश मिळविला. वर्गात सर्व पुरुष विद्यार्थी. प्रेताची चिरफाड पुरुषांच्या बरोबरीने करणे बाईमाणसाला शोभत नाही, म्हणून तिला ते काम संध्याकाळी, सर्व निघून गेल्यावर, एकटीने करावे लागे. दिव्याच्या उजेडात, प्रेतांच्या सोबतीने एक तरुण मुलगी अभ्यास करीत आहे, हे चित्र मनात आणले म्हणजे आपल्या अडचणी लहान वाटू लागतात.

१८९६ साली त्या डॉक्टर झाल्या. इटलीतील अगदी पहिल्या काही स्त्री डॉक्टरांत त्यांची गणना होते. त्याच वर्षी बर्लिन येथे भरलेल्या स्त्रियांच्या परिषदेत आपल्या देशाच्या प्रतिनिधी म्हणून त्या गेल्या आणि सारख्या कामाला स्त्रीलाही पुरुषाइतकीच मजुरी मिळाली पाहिजे, असे त्यांनी तेथे ठासून मांडले.

परत आल्यावर त्या रोमच्या विद्यापीठातील मानसिक रोगांच्या विभागात काम करू लागल्या. त्या कामासाठी त्यांना शहरातील वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. तेथे एक गोष्ट पाहून त्यांचे मन कळवळले. ज्या मुलांची बुद्धी मागे राहिली होती, त्या मुलांनाही मोठ्या वेड्या माणसांबरोबर तेथेच डांबून ठेवलेले असे. औषध नाही, शाळा नाही, खेळणे नाही. दोन वेळचे खाणे आणि चार भिंती.

त्यांच्या चरित्रात एक प्रसंग सांगतात. अशाच एका खोलीत ही मुले कैद्यांसारखी ठेवलेली होती. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाईने नाक मुरडून तक्रार केली की, जेवण आटोपले की ही मुले जमिनीवर पडलेले पावाचे कण वेचीत बसतात. किती ही हावरट! माँटेसरीबाईंनी खोलीभर नजर टाकली. त्या खोलीत हातात धरण्यासारखी एकही वस्तू नव्हती. पोट भरलेले असताना मुले कण वेचीत होती, ती खाण्यासाठी नव्हे. त्यांच्या बोटांना काहीतरी काम हवे होते. भूक होती, पण ती हातांची भूक होती. हे त्या बाईला रोज पाहून दिसले नाही आणि माँटेसरीबाईंना एकदा पाहून दिसले. त्यांच्या पुढच्या सर्व कार्याचे बीज या प्रसंगात आहे, असे मला वाटते.

मग त्यांनी अशा मुलांविषयी पूर्वी कोणी काही केले आहे काय, याचा शोध सुरू केला. तेव्हा त्यांना दोन फ्रेंच डॉक्टरांची माहिती मिळाली. पहिले डॉक्टर इतार. १८०० साली फ्रान्समधील आव्हेरों भागात रानात एकटाच वाढलेला एक मुलगा सापडला. वय सुमारे बारा वर्षे. बोलता येईना, अंगावर कपडा ठेवीना. मोठमोठ्या वैद्यांनी त्याला पाहून हा जन्माचा जड आहे, याला काही शिकविता येणार नाही, असा निर्वाळा दिला. पण इतार यांनी त्याला आपल्याकडे घेतले, त्याचे नाव व्हिक्टर ठेवले आणि पाच वर्षे त्याच्यावर मेहनत घेतली. व्हिक्टरला बोलणे कधी नीट आले नाही. दोन-चार शब्दांपलीकडे त्याची जीभ वळली नाही. मात्र काही लिहिलेले शब्द तो ओळखू लागला, कपडे घालू लागला, घरातील लहानसहान कामे करू लागला.

व्हिक्टरचा रोजचा सांभाळ करीत असे मादाम गेरँ नावाची एक साधी बाई. त्याला न्हाऊ-माखू घालणे, जेवू घालणे, फिरावयास नेणे, सर्व तीच करी. जेवणाच्या मेजावर ताटे मांडण्याचे काम व्हिक्टरकडे असे. पुढे त्या बाईचा नवरा वारला. त्या संध्याकाळी व्हिक्टरने नेहमीप्रमाणे त्याचेही ताट मांडले. ते पाहून बाईला रडू कोसळले. तिचे रडणे पाहून त्याने ते ताट मुकाट्याने उचलून ठेवले आणि पुन्हा कधीही मांडले नाही. ज्याला मन नाही, समज नाही असे शहाण्यांनी ठरविले होते, त्याला एका विधवेचे दुःख कळले. डॉक्टरसाहेबांचे शिकविणे पाच वर्षांनी थांबले. मादाम गेरँने मात्र त्याला अंतर दिले नाही. १८२८ साली व्हिक्टर वारला, तोवर त्याचे घर तिच्यापाशीच होते. इतार यांचे नाव ग्रंथांतून मोठे झाले ते योग्यच आहे. पण भगिनींनो, या कामात घरच्या बाईचा वाटा किती असतो, हे आपण तरी विसरू नये.

दुसरे डॉक्टर सेगँ. हे इतार यांचे शिष्य. त्यांनी पॅरिसमध्ये अशा मुलांसाठी शाळा चालविली आणि पुढे अमेरिकेस जाऊन तेथेही हेच कार्य वाढविले. मुलाचे हात, डोळे, कान, चालणे, तोल सांभाळणे, यांना आधी वळण लावावे आणि मग अक्षरांकडे जावे, ही त्यांची रीत. त्यांचे १८६६ सालचे इंग्रजी पुस्तक मिळविण्यासाठी माँटेसरीबाईंनी फार खटपट केली. ते अखेर न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरने टाकून दिलेल्या जुन्या पुस्तकांत सापडले. इतार आणि सेगँ यांचे लिखाण त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आपल्या हाताने इटालियन भाषेत लिहून काढले. घाईने वाचून सुटू नये, प्रत्येक शब्दाचे वजन मनात बसावे, म्हणून त्यांनी हा खटाटोप केला.

१८९८ साली तुरिन शहरी शिक्षकांची मोठी परिषद भरली होती. तेथे या तरुण डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की, या मुलांचा प्रश्न औषधाचा कमी आणि शिक्षणाचा जास्त आहे. त्यांना इस्पितळ नको, शाळा हवी. एका डॉक्टरनेच असे सांगितल्यामुळे सभेवर त्याचा फार परिणाम झाला. गावोगावी त्यांची व्याख्याने झाली, पैसा जमला आणि १९०० साली रोममध्ये अशा मुलांचे शिक्षक तयार करणारी शाळा निघाली. तिला जोडून मुलांचे वर्गही होते. डॉ. ज्यूसेप्पे मोंतेसानो आणि माँटेसरीबाई यांनी मिळून ती शाळा चालविली.

त्या दोन वर्षांत बाई सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत स्वतः मुलांत बसत. रात्री दिवसभराचे टिपण करीत आणि उद्यासाठी नवे साहित्य योजीत. लाकडाची सुरेख अक्षरे त्यांनी कारागिराकडून करवून घेतली. मुलाने ती बोटाने गिरवायची, म्हणजे हाताला अक्षराची वाट ठाऊक होई.

याच काळातील एक गोष्ट त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मला सर्वांत आवडते ती हीच. त्यांच्याकडे अकरा वर्षांची एक मुलगी होती. हातांत चांगली ताकद, पण तिला शिवण काही येईना. रफू करताना सुई एका धाग्याच्या वरून आणि दुसऱ्याच्या खालून न्यावी लागते, एवढेही तिला जमेना. दुसऱ्या कोणी तिला तेच पुन्हा पुन्हा करावयास लावले असते, रागावले असते, नाहीतर नाद सोडून दिला असता. माँटेसरीबाईंनी सुई बाजूला ठेवली. त्यांनी तिला रंगीत कागदाच्या पट्ट्यांची चटई विणावयास दिली. उभ्या पट्ट्यांतून आडवी पट्टी एकदा वरून, एकदा खालून न्यायची. काम तेच, पण पट्टी रुंद, डोळ्यांना दिसणारी, बोटांना धरता येणारी. मुलगी त्यात रमली आणि तरबेज झाली. मग बाईंनी तिच्या हातात पुन्हा सुई दिली. आता तिला रफू करता येऊ लागले होते. तेव्हापासून त्यांच्या शाळेत शिवणाचा वर्ग चटईच्या विणकामानेच सुरू होऊ लागला.

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मानसशास्त्राच्या मोठ्या गोष्टी मला सांगता यावयाच्या नाहीत. पण रफू मला कळते. आणि या गोष्टीत माँटेसरीबाईंची सारी विद्या आहे, असे मला वाटते. मूल एखादी पायरी चढत नसेल तर त्याला ढकलू नये. मधली एक पायरी आपल्याकडून गाळली गेली आहे काय, ते पाहावे आणि ती बांधून द्यावी. जमत नाही याचा दोष आपण मुलाच्या माथी मारतो. पुष्कळदा चूक जिना बांधणाराची असते.

पुढे या शाळेतील काही मुले वाचन-लेखन इतके चांगले शिकली की, बाईंनी त्यांना शहरातील इतर मुलांबरोबर सार्वजनिक परीक्षेस बसविले आणि ती पास झाली. लोक चमत्कार म्हणू लागले. सगळीकडे वाहवा चालली असताना बाईंना मात्र निराळीच चिंता पडली होती. माझी अडलेली मुले धडधाकट मुलांच्या बरोबरीस आली ती योग्य मार्गाने शिकविल्यामुळे. मग धडधाकट मुलांना त्यांच्या शाळांतून असे काय शिकवितात की, ती इतकी मागे राहावीत? या प्रश्नाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

येथे त्यांच्या खाजगी आयुष्यातील एक दुःख सांगितले पाहिजे. थोरामोठ्यांच्या चरित्रात अशा गोष्टी झाकण्याची रीत आहे, पण बायकांनी बायकांसाठी लिहिताना ते बरे दिसत नाही. माँटेसरीबाई आणि डॉ. मोंतेसानो यांचे एकमेकांवर प्रेम होते. १८९८ साली त्यांना मारियो हा मुलगा झाला. त्यांचे लग्न झाले नव्हते. लग्नाशिवाय झालेले मूल उघडपणे जवळ ठेवणे म्हणजे त्या काळी आपले सर्व कार्य बुडविणेच होते. मुलाला खेड्यातील एका दाईकडे वाढावयास ठेवावे लागले. बाई त्याला पाहावयास जात, पण आई म्हणून नव्हे. पुढे १९०१ मध्ये मोंतेसानो यांनी दुसऱ्या स्त्रीशी विवाह केला आणि बाईंनी ती शाळा सोडली. इतरांच्या टाकलेल्या मुलांना उराशी धरणाऱ्या या बाईला स्वतःचे मूल पंधरा वर्षे दूर ठेवावे लागले. मारियो सुमारे पंधरा वर्षांचा झाल्यावर आईपाशी आला आणि मग जन्मभर तिच्या कार्यात तिचा उजवा हात होऊन राहिला. तरीही लोकांत तो कितीतरी वर्षे त्यांचा भाचा म्हणूनच ओळखला जाई.

शाळा सोडल्यावर बाई पुन्हा विद्यार्थिनी होऊन विद्यापीठात बसल्या. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांच्या देखरेखीखाली पहिले बालगृह उघडले. आईबाप मजुरीस जात आणि तीन ते सहा वर्षांची मुले जिन्यांत, भिंतींवर रेघोट्या मारीत हिंडत. त्यांना एका ठिकाणी सांभाळावे एवढाच इमारतीच्या मालकांचा हेतू होता. बाईंनी तेथे आपल्या पहिल्या मुलांसाठी केलेले साहित्य आणले. लाकडी दट्टे, बटणे लावण्याच्या चौकटी, लहान-मोठे ठोकळे. लाकडी अक्षरे नव्याने करून मिळेनात, तेव्हा त्यांनी घासकागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटविली. आज बालवाड्यांतून दिसतात ती खरखरीत अक्षरे म्हणजे पैशांच्या अडचणीतून निघालेली युक्ती आहे.

ही मुले चार-पाच वर्षांची असतानाच लिहू लागली आणि बाईंचे नाव देशोदेशी गेले. १९०९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले, अमेरिकेत आणि युरोपात शाळा निघाल्या. पुढे इटलीत मुसोलिनीचा अंमल आला. आरंभी त्याने त्यांच्या शाळांना आश्रय दिला, पण बाईंशी त्याचे पटले नाही आणि १९३४ साली तेथील माँटेसरी शाळा बंद झाल्या. त्या स्पेनमध्ये राहत होत्या, तेथे १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले. उतारवयात त्यांना पुन्हा बिऱ्हाड हलवून हॉलंडमध्ये जावे लागले.

आपल्या देशात त्यांचे विचार त्यांच्या आधी येऊन पोचले होते. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका आणि आपल्या मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंनी पुढे १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे जाऊन खेड्यातील, आदिवासी पाड्यांतील मुलांसाठी बालवाडी उभी केली. महागडे साहित्य नको, तर बिया, शंख-शिंपले, पाने, माती यांनीच हाताडोळ्यांना वळण लावू, असे त्यांनी ठरविले. शाळेत मूल येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा बाणा होता. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९७३ साली त्या वारल्या. तो दिवस होता ३१ ऑगस्ट, माँटेसरीबाईंच्या जन्माचा दिवस.

माँटेसरीबाई स्वतः १९३९ च्या अखेरीस मारियोसह मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईला आल्या. थिऑसॉफिकल सोसायटीने त्यांना अड्यार येथे बोलाविले होते. काही महिने राहून परत जावयाचे होते, पण जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या दृष्टीने हे मायलेक शत्रुदेशाचे ठरले. बाईंना अड्यारच्या आवारातच राहण्याचा हुकूम झाला आणि मारियोला आपल्या महाराष्ट्रात, अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या छावणीत अटकेत ठेवण्यात आले. पुन्हा मुलाची ताटातूट. ३१ ऑगस्ट १९४० रोजी बाईंना सत्तर वर्षे पुरी झाली. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली: वाढदिवसाची भेट म्हणून मारियोला सोडण्यात येत आहे. त्या तारेत त्याचा उल्लेख त्यांचा मुलगा असाच केला होता, असे सांगतात. बेचाळीस वर्षे जी गोष्ट चारचौघांत बोलता आली नाही, ती परक्या सरकारच्या कागदावर उमटली.

नंतर त्या कोडाईकनाल येथे राहिल्या. त्यांनी हिंदुस्थानात ठिकठिकाणी वर्ग घेतले आणि शेकडो शिक्षक तयार केले. १९४९ नंतर त्या युरोपातच राहिल्या. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नोर्डविक या समुद्रकाठच्या गावी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी, १९९० साली, त्यांच्याच देशाने हजार लिरांच्या नोटेवर त्यांची तसबीर छापली.

असे हे थोर चरित्र. पण ते वाचून मिटल्यावर मनाला एक रुखरुख लागून राहते. जी विद्या आव्हेरोंच्या व्हिक्टरपासून निघाली, इस्पितळात कण वेचणाऱ्या मुलांमुळे वाढली, रफू न येणाऱ्या मुलीच्या हातांतून सिद्ध झाली, ती आज मोठ्या फीच्या बालवाड्यांतून मिळते आणि त्या पहिल्या मुलांसारखे मूल दारात आले तर पुष्कळदा दार लावले जाते. खुद्द माँटेसरीबाईही १९०१ नंतर त्या मुलांकडे पूर्णपणे परत गेल्या नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. पण त्यांचे अर्धे काम मागे राहिले, हे खरे.

सुदैवाने ते कोणी केलेच नाही असे नाही. आपल्या मुंबईत १९४४ साली जय वकील आणि त्यांचे यजमान होरमसजी वकील यांनी अशा मुलांसाठी शाळा सुरू केली. त्यांची मुलगी दीना हिला डाऊन सिंड्रोम होता आणि तिला घेईल अशी शाळा मिळत नव्हती. आपल्या लेकीसाठी लावलेल्या त्या रोपाचा वृक्ष झाला. शिवडीची जय वकील शाळा ती हीच. पुण्यात १९६४ मध्ये सिंधुताई जोशी यांनी कामायनी ही संस्था काढली. आपल्या महापालिकेच्याही अशा मुलांसाठी शाळा आहेत. या शाळांतून मुलाच्या वयापेक्षा त्याच्या पायरीला महत्त्व असते. पैसे मोजणे, घड्याळ पाहणे, बसचा क्रमांक ओळखणे, स्वतःचे कपडे धुणे यांपासून आरंभ होतो आणि मुले मोठी झाली की मेणबत्त्या, पिशव्या, विणकाम, सुतारकाम असे हाताचे काम शिकवितात. बाराव्या वर्षानंतर मुलाला खऱ्या उपयोगाचे काम हवे, शेत पिकविणे, वस्तू करणे, विकणे हवे, असे माँटेसरीबाईंनीही उतारवयात लिहिले होते. ते त्यांनी सर्वच मुलांविषयी लिहिले. पण या मुलांना ते अधिक लागू आहे.

आणखी एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याप्रमाणे, चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. याला घरीच ठेवा, असे कोणी सांगितले तर ते निमूटपणे ऐकून घेण्याचे कारण नाही. आमच्या इमारतीतील त्या आईला हे माहीत नव्हते, मलाही नव्हते. आता दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयाच्या फेऱ्या आम्ही दोघी मिळून घालीत आहोत.

खोटी आशा मात्र कोणी धरू नये आणि कोणाला देऊही नये. व्हिक्टर बोलू लागला नाही. माँटेसरीबाईंची सर्वच मुले परीक्षा पास झाली नाहीत. शिक्षणाने हे मूल दुसरे होणार नाही, ते आपल्या परीने मोठे होईल. पण गॅलरीत उभे राहून दिवस काढणे आणि चार जणांत बसून काहीतरी करीत असणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी आपला शिवणवर्ग भरतो. त्या वेळी त्या मुलाला आपल्यात बसू द्यावे. ही शाळा होणार नाही. शाळेला शिकलेले शिक्षक लागतात, आणि ती मिळेपर्यंतचा हा प्रश्न आहे. चिंध्या रंगांप्रमाणे वेगळ्या करणे, बटणे डब्यांत लावणे, सुतळी गुंडाळणे, एवढी कामे आपल्याकडे नेहमीच असतात. गेल्या महिन्यात मी त्याला माझ्या घरी बसवून जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापून दिल्या. पहिले आठ दिवस त्याने त्या नुसत्या कुस्करल्या. नवव्या दिवशी एक पट्टी वरून गेली, दुसरी खालून. परवा त्याची वीतभर चटई पुरी झाली. ती त्याने स्वतः नेऊन देवापुढे समईखाली ठेवली आणि आईला हात धरून दाखवावयास नेले.

सुई मी अजून त्याच्या हातात दिलेली नाही. ती मंडळात, आपल्या सर्वांसमोर द्यावी असे मनात आहे. त्या दिवशी त्याची आईही येईल.